पाचारण आले, आता कोणास विचारावे?

नागपुराहून पूर्वेस निघालेली आगगाडी गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे टाकीत दरेकशाच्या डोंगरात शिरते, तेथला बोगदा ओलांडते आणि बोरतलाव, पानियाजोब, डोंगरगड अशा वाटेने राजनांदगावास पोहोचते. 1893 साली याच मार्गाने नारायण वामन टिळक, तिशी ओलांडलेले, संस्कृतात व्युत्पन्न, पण संसारात अस्थिर व खिशाने रिकामे असे कवी, नोकरीच्या आशेने राजनांदगावाकडे निघाले होते. डब्यातील एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्याशी संभाषण केले, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली, आणि हे पुस्तक मनःपूर्वक वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. तो गृहस्थ कोण होता याचा पत्ता टिळकांना पुढे कधीच लागला नाही. भाकीत मात्र खरे ठरले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत ख्रिस्ती घरांतून नेहमी सांगितली जाते, आणि ती ऐकून पुष्कळ तरुणांची अशी समजूत होते की देवाचे पाचारण म्हणजे गाडीत भेटलेला अनोळखी माणूस. तो येतो, चार शब्द बोलतो, आणि माणसाने उठून चालू लागावे एवढेच बाकी उरते. परंतु त्या प्रवाशाने टिळकांना केवळ वाचावयास सांगितले होते, नोकरी सोडावयास, घर मोडावयास किंवा कोठे जावयास सांगितलेले नव्हते. पुस्तक हाती पडणे आणि बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकी पडणे यांच्यामध्ये जो काळ गेला, त्यात टिळकांनी वाचन केले, मिशनच्या लोकांशी पत्रव्यवहार केला, शंका काढल्या, उत्तरे तपासली. एका बाबतीत त्यांनी विचारावयास हवे होते तेथे विचारले नाही, आणि त्याचे मोल दुसऱ्याच व्यक्तीने दिले. त्याविषयी पुढे येईलच.

हा लेख ज्यांच्यासाठी आहे ते वाचक बहुधा दरेकसा, सालेकसा, आमगाव किंवा अशाच एखाद्या विरळ ख्रिस्ती वस्तीच्या टापूत राहणारे आहेत. शहरातल्या मुलाला प्रार्थनेत काही जाणवले, तर रविवारी उपासना संपल्यावर तो पाळकांना गाठू शकतो, दोन वडीलजनांना विचारू शकतो, आणि त्यांच्याने समाधान न झाल्यास पलीकडच्या गल्लीतील दुसऱ्या मंडळीचे दार ठोठावू शकतो. आपल्याकडे पाळक महिन्यातून कधीतरी येणार, तेही गोंदियाहून किंवा नागपुराहून. त्यांच्यापुढे बाप्तिस्मे, आजारी माणसे आणि जमिनीचे तंटे अगोदरच रांग लावून उभे असणार. आणि मग आपल्या अंतःकरणातली गोष्ट सांगावयाची राहूनच जाते. ती जागा हल्ली भ्रमणध्वनीवरील उपदेशकांनी घेतली आहे. हजार मैलांवरून कोणीएक सांगतो की तुमच्यावर अभिषेक आहे, विलंब करू नका. आणि ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही त्याच्या शब्दावर एखादा होतकरू मुलगा बारावीची परीक्षा सोडतो, एखादा घरचा कर्ता रेल्वेतली कंत्राटी नोकरी सोडतो. आवाज खोटा असेल असे माझे म्हणणे नाही. तो खरा असला तरी त्याची खातरजमा करणारे माणूस जवळ असणे आवश्यक आहे, एवढेच म्हणणे आहे.

पवित्र शास्त्राचा या बाबतीतला दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. बाल शमुवेलास रात्री हाक आली, तेव्हा ती कोणाची हे त्याला कळले नाही. तो धावत वृद्ध एलीकडे गेला, आणि एलीलाही पहिल्या दोन वेळा काही उमगले नाही. तिसऱ्या खेपेस एलीच्या ध्यानात आले, आणि उत्तर कसे द्यावे ते त्याने मुलाला शिकविले. रविवारच्या शाळेत कथा बहुधा येथेच संपते, परंतु मार्गदर्शन घेणाऱ्याने पुढचाच भाग लक्षपूर्वक वाचावा. देवाचा जो निरोप शमुवेलास मिळाला तो प्रत्यक्ष एलीच्या घराण्याच्या विरुद्ध होता. सकाळी मुलगा तो सांगावयास कचरला, आणि एलीने त्याला शपथ घालून सर्व काही सांगावयास लावले व ऐकून मान तुकविली. ज्याच्या स्वतःच्या हिताविरुद्ध निष्कर्ष निघाला तरी जो तो दडपीत नाही, त्याच्याकडेच पाचारणाची गोष्ट घेऊन जावे. सल्लागाराची याहून मोठी पात्रता मला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे लोक शास्त्र वाचणारेच असतात. गलतीकरांस लिहिताना पौल स्पष्ट म्हणतो की पाचारण झाल्यावर त्याने कोणा मनुष्याची मसलत घेतली नाही. तो यरुशलेमेस न जाता अरबस्तानात गेला. हे खरे आहे. परंतु त्याच पत्रात पुढे तो सांगतो की तीन वर्षांनी तो पेत्राकडे जाऊन पंधरा दिवस राहिला, आणि चौदा वर्षांनी बर्णबा व तीत यांना बरोबर घेऊन पुन्हा यरुशलेमेस गेला व आपली धाव व्यर्थ ठरू नये म्हणून आपली शिकवण तेथील प्रमुखांपुढे खाजगीत मांडली. दिमिष्काच्या वाटेवर त्याचे डोळे गेले तेव्हा हनन्या नावाच्या एका सामान्य शिष्याने येऊन त्याच्यावर हात ठेवले; अंत्युखियातून तो पहिल्या सफरीस निघाला तो मंडळीने उपास व प्रार्थना करून पाठविल्यावर; आणि मासेदोनियाचा मनुष्य रात्री दृष्टान्तात दिसला तो एकट्या पौलाला, तरी तिकडे जावे हा निष्कर्ष सोबत्यांनी मिळून काढला. पौलाचे उदाहरण देऊन जे एकटेच चालू लागतात, त्यांनी पौलाचे सर्व चरित्र घ्यावे, आवडणारे एक वाक्य घेऊन बाकीचे वगळू नये.

आता विचारावयाचे कोणाला? पहिला मान ज्याने तुम्हाला काम करताना पाहिले आहे त्याचा. मग तो पाळक असो, मंडळीतला वडील असो, की रविवारच्या शाळेत तुमच्या शेजारी बसून मुलांना शिकविणारी एखादी वयस्क मावशी असो. तुमची वाणी गोड आहे की नाही हे तो फारसे सांगणार नाही, परंतु पावसाळ्यात तुम्ही उपासनेला येता की नाही, हिशेबाची वही पुरी ठेवता की नाही, रागावल्यावर तुमची भाषा कशी होते, हे त्याला माहीत असते. आणि सेवेचे आयुष्य या गोष्टींवरच चालते. कोणत्याही प्रतिष्ठित ईशज्ञान विद्यालयात, मग ते पुण्याचे युनियन बिब्लिकल सेमिनरी असो, जे 1983 पर्यंत आपल्या विदर्भातच यवतमाळास होते, किंवा सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न असलेले दुसरे एखादे असो, प्रवेशाच्या दरखास्तीबरोबर मंडळीची व पाळकांची शिफारस मागतात ती याच कारणासाठी. कॅथॉलिक वाचकांची वाट थोडी निराळी आहे. त्यांनी पॅरिशच्या फादरांकडे जावे, ते धर्मप्रांताच्या पाचारण-संचालकांकडे पाठवतील, आणि नागपुरास ज्या टेकडीचे नावच सेमिनरी हिल्स पडले आहे तेथे किंवा अन्यत्र पुढची सात-आठ किंवा त्याहून अधिक वर्षे पारख चालेल. एवढा प्रदीर्घ काळ ऐकून कोणी हिरमुसला, तर तेही पारखीचाच भाग समजावे.

दुसरा माणूस तुमच्या मंडळीबाहेरचा असावा. आपल्या लहान मंडळ्यांतून सर्व माणसे एकमेकांचे सोयरे असतात. तेथे कोणी कोणाला नाही म्हणत नाही, किंवा एकदा भांडण झाले की होयही म्हणत नाही. या दुसऱ्या माणसाला तुमच्या घराण्याचा इतिहास ठाऊक नसावा. तिसरा माणूस, आणि हा शोधावयास सर्वांत कठीण, ज्या कामासाठी तुम्ही निघाला आहात तेच काम करून ज्याने अपयश पाहिले आहे असा. यशस्वी उपदेशक तुम्हाला उत्साह देईल. माघारी आलेला मनुष्य पाणी कोठचे प्यावे, पावसाळ्यात कोणता नाला ओलांडू नये, आणि पत्नीला ताप आल्यास दवाखाना किती कोसांवर आहे, हे सांगेल.

हे मी उगाच लिहीत नाही. 1840 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बर्लिनच्या गोस्नर यांनी पाठविलेली जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी अमरकंटकाजवळ मंडला प्रांतात करंजिया या गावी गोंडांमध्ये काम करावयास गेली. श्रद्धेत ती माणसे कोणाहून उणी नव्हती. परंतु मुलूख, हवा व रोग यांची माहिती त्यांना कोणी दिलेली नव्हती, आणि अल्पावधीतच त्यांच्यापैकी चौघे रोगाने मरण पावले. उरलेले नागपूर-कामठीकडे आले. 1845 साली नागपुरास आलेले स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप यांनी याच मुलुखात अठरा वर्षे काढली ती प्रथम भाषा शिकून, शाळा काढून, गोंडांची गाणी व चालीरीती लिहून घेऊन. अर्थात अनुभवी माणसालाही निसर्ग सवलत देत नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटाजवळ पुराने फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. तरी अठरा वर्षे आणि काही महिने यांतला फरक हा केवळ दैवाचा नव्हे.

आता टिळकांच्या त्या अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीकडे येतो. त्यांनी मिशनऱ्यांना विचारले, ग्रंथांना विचारले, स्वतःच्या विवेकबुद्धीला तर रात्रंदिवस विचारले. परंतु मुंबईस जाऊन बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंच्या पाठीमागे. त्या वेळी पदरी लहान मूल असलेल्या त्या बाईंवर जो आघात झाला, लोकांचे जे बोलणे ऐकावे लागले, पतीपासून जी वर्षे दूर काढावी लागली, ते सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात कसलाही कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. आणि कडवटपणा नाही म्हणूनच ते वाचताना अधिक लागते. पुढे त्या स्वतःच्या विचाराने पतीकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. शेवट गोड झाला, म्हणून आरंभीची चूक चूक नव्हती असे ठरत नाही. टिळकांविषयी मला नितांत आदर आहे. तथापि या एका बाबतीत त्यांचे अनुकरण कोणीही करू नये असे माझे ठाम मत आहे. तेव्हाच्या समाजात आधी सांगितले असते तर कदाचित त्यांना कोंडून ठेवले असते, असा बचाव केला जातो, आणि त्यात तथ्यही आहे. आजच्या ख्रिस्ती घरातल्या तरुणाला तो बचाव उपलब्ध नाही.

म्हणून धर्मगुरूंकडे जाण्यापूर्वी, किंवा निदान त्याच आठवड्यात, ज्यांच्या ताटातला घास तुमच्या निर्णयाने कमी होणार आहे त्यांना विचारावे: पत्नीला, पतीला, धानाची बांधी एकट्याने रोवावी लागेल त्या वडिलांना, लग्नाची असलेल्या बहिणीला. त्यांना नकाराधिकार द्यावा असे मी म्हणत नाही. प्रत्यक्ष प्रभूने पाचारण केलेल्यांनी बापाला नावेत सोडले होते. परंतु त्यांनी ते बापाच्या देखत सोडले. चांगला पाळक तुम्हाला दुसराच प्रश्न हा विचारील की घरी काय म्हणतात. आणि जो पाळक हा प्रश्न विचारीत नाही, उलट घरच्यांना तूर्त काही सांगू नका असे बजावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

भेटीस जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. एक कैफियत लिहून न्यावी. भावनेच्या भरात बोललेल्या गोष्टीला समोरचा मनुष्य भावनेनेच उत्तर देतो, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, आणि तुम्ही परवानगी मिळाली असे समजून घरी येता. लिहिलेल्या गोष्टीला त्याला विचार करून उत्तर द्यावे लागते. कागद एकच पुरे, परंतु त्यात तपशील असावा. मला काय जाणवले, केव्हा, आणि त्या वेळी माझी परिस्थिती काय होती. परीक्षेतले अपयश, मोडलेली सोयरीक किंवा घरातला मृत्यू त्याच्या आगेमागे असल्यास तेही लिहावे, कारण दुःखात आलेली हाक खोटी नसते, पण तिचा अर्थ लावावयास वेळ द्यावा लागतो. कोणते काम, कोठे, कोणाबरोबर. आजवर त्या प्रकारचे काय केले. अंगावर कर्ज किती. पहिली दोन वर्षे पोट कशावर चालणार. भाषा कोणती येते. गोंडी, छत्तीसगडी, की नुसती शाळेतली मराठी. कोणती दुर्बलता मला माझ्यात ठाऊक आहे. शेवटचा मुद्दा लिहिताना हात अडखळतो, आणि तोच पाळकांना सर्वांत उपयोगी पडतो.

रात्र-रात्र झोप लागत नसेल, सतत आवाज ऐकू येत असतील, कोणी पाठलाग करते असे वाटत असेल, तर धर्मगुरूंना सांगावेच, परंतु डॉक्टरांनाही दाखवावे. गोंदियास 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवाच्या हाकेला वैद्यकीय तपासणीने बाध येत नाही, आणि चालू असलेले औषध बंद करा असा सल्ला कोणी कितीही मोठ्या नावाचा उपदेशक देत असला तरी तो मानू नये.

आणखी एक मसलत आहे, जी आपल्या लोकांत जवळजवळ कोणीच घेत नाही: ज्यांच्यामध्ये जावयाचे त्यांची. दरेकशापासून काही कोसांवर कचारगड आहे. पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या देवांना मुक्त केले अशी त्या समाजाची श्रद्धा आहे, आणि माघी पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव तेथे येतात. हिस्लॉप यांनी लिंगोचे ते दीर्घ गोंडी गीत लिहून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली रिचर्ड टेम्पल यांनी ते त्यांच्या इतर टिपणांबरोबर प्रसिद्ध केले. म्हणजे या मुलखातला पहिला मोठा मिशनरी आधी ऐकावयास बसला. आजचा एखादा उत्साही तरुण कचारगडच्या यात्रेत पत्रके वाटावयास निघतो, आणि त्याला ते धाडस वाटते. मला तो दुसऱ्याच्या घरच्या लग्नात उभे राहून आपली जाहिरात करण्याचा प्रकार वाटतो. गावातल्या भुमकाला म्हणजे पुजाऱ्याला, सरपंचाला, शाळामास्तरांना भेटावे. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, मुलांना गणित शिकविणे, वनहक्काचा दावा भरावयास मदत करणे, यांपैकी येथे काय हवे आहे हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. तुमच्या येण्याने गावात फूट पडेल असे त्यांनी सांगितले, तर ते तुमच्या कैफियतीत लिहून पाळकांपुढे ठेवावे.

कायद्याची बाजूही येथेच सांगतो, कारण आपण हद्दीवर राहतो. राज्यघटनेचा 25वा अनुच्छेद धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो, तथापि रेव्ह. स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली असा निर्णय दिला की दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात अंतर्भूत नाही. तो खटला मध्य प्रदेशाच्या 1968 सालच्या कायद्यावरून उद्भवला होता, आणि 2000 साली छत्तीसगड वेगळे झाल्यावर तोच कायदा तिकडे चालू राहिला. बोगद्याच्या पलीकडे राज्य बदलते आणि कायदाही बदलतो. सरकारांचा हा संशय नवा नाही. हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता तेव्हा मिशनांच्या कामाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या नियोगी समितीने 1956 साली आपला अहवाल दिला होता. तेव्हा कोणत्या राज्यात तूर्त काय नियम आहे हे वकिलास विचारून घ्यावे, आणि पूर्वी नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या या टापूत अनोळखी पाड्यावर मुक्कामास जाताना पोलीस पाटलास व ठाण्यास कळवून जावे. परदेशातला कोणी भाविक पैसे पाठवू म्हणत असेल तर हरखून जाऊ नये. धार्मिक वा सामाजिक कार्यासाठी विदेशी देणगी घेण्यास 2010 च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि आपल्या बचतखात्यात ती जमा करून घेणे हा अपराध होऊ शकतो.

सल्ला देणाऱ्याची पारख कशी करावी, हा प्रश्न संकोचाने विचारला जातो, म्हणून मीच विचारतो. पहिल्या राजे पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाची कथा आहे. वाटेत अन्नपाणी घेऊ नकोस असा त्याला स्पष्ट हुकूम होता. बेथेलच्या एका वृद्ध संदेष्ट्याने, मलाही देवदूताने सांगितले आहे, अशी थाप मारून त्याला घरी जेवावयास नेले, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला ठार केले. वय, पद आणि देवाचे नाव ही तिन्ही त्या वृद्धाजवळ होती. जो मनुष्य तुम्हाला देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे असे म्हणून तुमचा विचार बंद पाडतो, जो पैसे, दागिने किंवा जमिनीचा दस्तऐवज मागतो, जो गुप्तता पाळावयास लावतो, जो बाईमाणसाला एकटीने दार लावून प्रार्थनेस बसवितो, त्याचा सल्ला सल्ला नव्हे.

आणि प्रामाणिक सल्लागारही चुकतात, ते आपल्या काळाच्या चष्म्यातून पाहतात म्हणून. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि तेथील सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो गुरू व शिष्य यांच्यातील वादाचा अपूर्व नमुना आहे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांचे मत पडले. हिंदुस्थानात भर सभांतून पुरुषांपुढे व्याख्याने दिलेल्या या विदुषीला ते साहजिकच मान्य होईना. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरविलेल्या आपण दुसरे चढवून घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. परंतु त्यांनी पत्रव्यवहार तोडला नाही. प्रत्येक आक्षेपाला कारणांसहित उत्तर दिले, शिकण्यासारखे ते शिकल्या, आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले ते स्वतःच्या बुद्धीने. सल्ला घ्यावा कसा आणि न मानावा कसा, या दोन्ही गोष्टींसाठी रमाबाईंची पत्रे वाचावीत.

नकार मिळाला तर काय, हे सांगितल्याखेरीज विषय पुरा होत नाही. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरियर एल्विन व त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे 1932 च्या जानेवारीत गोंडांत राहावयास गेले, ते योगायोगाने त्याच करंजियात. गोंडांकडे जाण्याची सूचना त्यांना जमनालाल बजाज यांच्याकडून आली होती. नागपूरचे बिशप वुड यांनी मात्र एल्विनना धर्मसेवेची सनद दिली नाही, कारण त्यासाठी लागणारी राजनिष्ठेची शपथ घ्यावयास ते तयार नव्हते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. एल्विन सनदेवाचून गेले, मोठे काम केले, आणि काही वर्षांत चर्चपासून कायमचे दूर झाले. बिशपांचे चुकले असे मी म्हणेन. परंतु ज्याच्या पाठीशी मंडळी नाही त्याचा मार्ग कोठे वळतो हेही त्यातून दिसते. अगब संदेष्ट्याने बंदिवासाचा इशारा दिला असता पौल यरुशलेमेस गेलाच; पण तो इशारा ऐकून, शिष्यांच्या रडण्याला उत्तर देऊन गेला. नकारामागचे कारण विचारून घ्यावे. तुमच्या तयारीत उणीव आहे असे कारण असेल, तर एक वर्षाची मुदत मागून घ्यावी आणि त्या वर्षात तेच काम बिनपगारी, लहान प्रमाणात, गावातच करावे. कारण नुसती रूढी किंवा गटबाजी असेल, तर दुसऱ्या जाणत्याकडे जावे, पहिल्याला सांगून जावे. वर्षाअखेरीस ओढ ओसरली तर लाज वाटून घेण्याचे कारण नाही. शेतकरी, परिचारिका, शिक्षक म्हणूनही देवाची चाकरी होते, आणि दरेकशास या तिहींची वाण आहे.

टिळकांनी पुढे 1904 साली रीतसर दीक्षा घेतली, आणि 1917 च्या सप्टेंबरात मिशनचा राजीनामा देऊन संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारावयास घेतला तो मात्र उघडपणे, आपले म्हणणे जाहीर करून. त्यानंतर त्यांना दोन वर्षेही आयुष्य लाभले नाही.

तेव्हा या आठवड्यात कागद घेऊन बसावे, कैफियत लिहावी, वर तारीख घालावी, एक नक्कल घरी ठेवावी आणि पाळकांना पत्राने किंवा फोनने भेटीची वेळ मागावी. रविवार मागू नये. त्या दिवशी त्यांना कोणाचेही पुरते ऐकावयास सवड नसते. मंगळवार-बुधवार बरा, आणि सकाळच्या गाडीने गेल्यास संध्याकाळपर्यंत परत येता येते.